मोजणी साहेबांचे केस

माणसाने दाढी वाढवली तर आमच्या वाशीमकडच्या मालेगावात कोणी काही विचारत नाही. मिशी उतरवली तर एकदोघं विचारतात, तेही 'घरी सगळं बरं हाय ना' एवढंच. पण सरकारी नोकरीतल्या, पोट किंचित पुढे आलेल्या, मुलगा पुण्याला शिकायला ठेवलेल्या गृहस्थाने डोक्यावरचे केस खांद्याच्या दिशेने जाऊ दिले, की तो सगळ्या तालुक्याचा प्रश्न होऊन बसतो. हे मला आधी कोणी बजावलं असतं तरी उपयोग नव्हता. मी आधी बोलून टाकणारा माणूस आहे. विचार मी मागाहून करतो, तोही बहुतेक दुपारी, जमिनीची मोजणी करताना एखाद्या बाभळीखाली टेकलो म्हणजे.

आमच्या समोर धम्मरत्न राहतो. किन्हीराजाकडच्या एका शाळेवर शिक्षक आहे. त्याची मुलगी संस्कृती चौथीत असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. नागपूरला उपचार सुरू झाले. लहान मुलांमधला हा प्रकार पुष्कळदा बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आम्ही गल्लीतली माणसं ते वाक्य येता-जाता एकमेकांना ऐकवत होतो. औषधांनी तिचे केस गेले. पहिले अवघड महिने पार पडले, हळूहळू बाहेर खेळू द्या असं डॉक्टर म्हणाले, पण पोरगी घराबाहेर येईना. निळी कानटोपी घालून खिडकीत बसायची आणि आवाज बंद केलेला टीव्ही पाहावा तशी गल्ली पाहायची.

एका रविवारी मी तिची चौकशी करायला गेलो. तिची आई, सरिता, सांगत होती, "भाऊ, मुंबईची एक संस्था हाय म्हनते. लोकायनं देल्लेल्या केसायचे टोप बनवते अन् अशा पोरायले फुकट देते."

"मंग माझे द्या की," मी म्हणालो. चहा घ्या म्हणावं इतक्या सहज.

संस्कृतीने खिडकीतून मान वळवली आणि माझं डोकं बराच वेळ निरखलं.

"काका, तुमचे तर कमीच हायेत."

"वाढवतो ना."

"कधीपासून?"

"आजपासून," मी म्हणालो, आणि गल्ली ओलांडून घरी येईपर्यंत मला फार हलकं वाटत होतं. माझ्या केसांचा टोप घालून संस्कृती बसस्टँडवरून पळत चालली आहे, केस वाऱ्यावर उडताहेत आणि लोक म्हणताहेत, कोणाचे गं हे इतके सुंदर केस, असं काहीतरी मला दिसत होतं.

ज्योत्स्ना, म्हणजे आमचं कुटुंब, तांदूळ निवडत होती. तिने वर न पाहता विचारलं, "अन् डाय?"

या एका शब्दाने मी जमिनीवर आलो. संस्थेला फोन केला. पलीकडच्या बाई गोड बोलत होत्या. केस दीड वीत तरी हवेत. रंग लावलेले चालत नाहीत. थोडे पांढरे असले तर हरकत नाही. आणि हो, एका टोपाला चार-पाच जणांचे केस लागतात. हे शेवटचं ऐकून मी खट्टू झालो. बसस्टँडवर उडणाऱ्या त्या केसांत आता चार परके लोक घुसले होते.

पण खरा प्रश्न रंगाचाच होता. माझे काळेभोर केस ही आजोबांची देणगी आहे, असं मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आजोबांची ही देणगी पुढच्या काही महिन्यांत मुळापासून पांढरी होत वर सरकू लागली. ऑफिसात चहाच्या वेळी एकाने आपल्या आजोबांचा विषय काढला, दुसऱ्याने त्याच्या आजोबांचा, आणि सगळे फार वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

शेजारचे भागवत काका निवृत्त ग्रामसेवक. त्यांना एवढ्या मोठ्या निवृत्तीचं काय करावं हे कळत नसल्यामुळे ते ती आमच्या ओट्यावर घालवतात. केस कानावर आले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कोन्त्या देवाचा?"

"काय कोणत्या देवाचा?"

"नवस."

"नवस नाही, काका. समोरच्या पोरीच्या टोपासाठी."

"बरोबर हाय. सांगत नसतेतच. सांगतला का फिटत नाही." त्यांनी मान डोलावली. मग मोठ्या मनाने कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल आणि रोज थोडा वेळ खाटेवरून डोकं खाली सोडून पडणं हे तीन उपाय सांगितले. पहिल्या उपायाने ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची कायमची रिकामी झाली. तिसरा उपाय करताना मला लागलेली गाढ झोप ही त्या सगळ्यातली एकच जमेची बाजू.

पुंजाजीचं प्रकरण मात्र मनाला लागलं. वाशीम रोडवर त्याचं केसकर्तनालय. माझी मुंज सोडली तर आयुष्यातले सगळे केस त्याने नाहीतर त्याच्या वडिलांनी कापलेले. मी येता-जाता नमस्कार करायचो, तो आरसा पुसायला लागायचा. एके दिवशी त्याने मोटरसायकल अडवली.

"साहेब, आता कोन्याच्या दुकानात जाता?"

"कोणाच्याच नाही, पुंजाजी."

"हे तर त्याहून वाईट," तो म्हणाला. "लोक मले विचारून राह्यले, साहेबाचं अन् तुमचं कायच्यावरून बिनसलं म्हनून. मी काय सांगू?"

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हात पुसले, माझी बट दोन बोटांत धरून पाहिली. "कापाची येळ आली का माह्याकडेच येजा," एवढं बोलून तो दुकानात गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा नमस्कार सुरू झाला, पण त्यात थोडी दया मिसळलेली असे.

हजेरीचं तर विचारूच नका. आमची हजेरी मोबाइलमधल्या ॲपवर चेहरा दाखवून लागते. केस मानेवर आले तसा ॲपने मला ओळखायला नकार दिला. मी हसून पाहिलं, गंभीर होऊन पाहिलं. शेवटी दोन्ही हातांनी केस मागे धरून, डोळे मोठे करून मी भिंतीपाशी उभा राहायचो आणि शिपाई फोन धरायचा, तेव्हा कुठे मी कामावर आलो हे सरकारला पटायचं. वरिष्ठांनी लेखी विचारणा करण्याचा विचार केला होता, पण केस वाढवू नयेत असा नियम सापडेना. ते शोधताहेत, असं मला सांगण्यात आलं.

हे सगळं सोडून देता आलं असतं. गृहस्थ माणसाला माघार घ्यायला फार मोठं कारण लागत नाही. पण एका रविवारी सकाळी दारात संस्कृती उभी राहिली. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात लाकडी पट्टी.

"बसा," ती म्हणाली.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. तिने मानेवर पट्टी लावली, ओठातल्या ओठात पुटपुटली, पुन्हा लावली.

"काहीच नाही वाढले. तुमी काय खाता?"

"भाजी-भाकर."

"अंडे खात जा. पानी लय पेत जा. कट्टाळा आला तरी खा लागते." एवढं सांगून ती पट्टी घेऊन परत गेली.

त्या दिवशी मला फक्त तिचा सूर खटकला. मला असं कोणी शाळेनंतर बोललेलं नव्हतं. पण संध्याकाळी सरिता ज्योत्स्नाकडे आली आणि बोलता बोलता थांबली. "वहिनी, आज ती पयल्यांदा उंबऱ्याबाहेर गेली. आमी म्हनून म्हनून थकलो. भाऊच्या मानेवर पट्टी लावाले मात्र गेली."

त्यानंतर दर रविवारी मोजणी झाली. तालुक्याच्या जमिनी मोजणारा मी, पायरीवर मान खाली घालून बसायचो. पारिजातकाची फुलं अंगणात पडलेली असायची, मानेवर पट्टीचा गार स्पर्श व्हायचा, मागे ती काहीबाही सांगत असायची, नागपूरच्या वार्डातल्या पोरांच्या गोष्टी, कोण सुई टोचताना गाणं म्हणतं, कोण नर्सला चावलं. मला डुलकी लागायची. अर्धवट झोपेत वाटायचं, केस वाढताहेत ते मला ऐकू येतंय, जसं तूर भरात आली की वावरात उभं राहून काहीतरी ऐकू येतं, तसं.

मग किन्हीराजाची भानगड झाली. तिथे दोन भावांचा बांधाचा वाद होता. वाद त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचा, आणि आजवर आलेली प्रत्येक मोजणी दोघांपैकी एकाने अमान्य केलेली. मी गेलो तेव्हा तूर फुलावर होती. पिवळ्या फुलांच्या वर पांढरी फुलपाखरं, ऊन कोवळं, आणि माझ्या हातात रोव्हर, म्हणजे आमचं नवं मोजणीचं यंत्र, डोक्यावर तबकडी असलेली माणसाएवढी काठी. ती एकेका खुणेवर टेकवून शांत उभं राहावं लागतं. केस तोवर खांद्यावर आले होते, वाऱ्याने ते हलत होते, आणि डोळे उन्हामुळे अर्धे मिटलेले. हे दृश्य लांबून कसं दिसत असेल याचा मी विचार केला नाही.

बांधावरून एक म्हातारी आली. त्या भावांची आई, तुळसाबाई. तिने काठीसमोर नारळ ठेवला आणि माझे पाय धरले.

"महाराज, तुमीच सांगा आता कोन्याचं वावर कुठलोक हाय ते. या सरकारी लोकायचं हे ऐकत नाहीत."

मी सरकारीच आहे, हे मी तिला समजावलं. ओळखपत्र दाखवलं. त्यावरचा फोटो तिने पाहिला आणि म्हणाली, "हा तुमचा पूर्वाश्रमीचा असन." दोघे भाऊ हात जोडून उभे होते. मी मुकाट्याने खुणा दाखवल्या. दोघांनी त्या डोक्याला माती लावून मान्य केल्या. जो वाद आमच्या खात्याच्या सगळ्या यंत्रांनी मिटला नाही, तो माझ्या विस्कटलेल्या केसांनी मिटवला, याचा आनंद मानावा की अपमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघताना मला राहवलं नाही. मी तुळसाबाईला केसांचं खरं कारण सांगितलं. ती खाली बसली. तिचा एक नातू, फार वर्षांपूर्वी, असाच आजारी पडला होता. "तवा आमाले आजाराचं नावच नाही समजलं, बाप्पा. नागपूर कुठं हाय तेई माहीत नव्हतं." मग तिने नारळ मला परत दिला. "पोरीले देजा."

माझी चूक इतकीच की मी तिला हे गुपित आहे असं म्हणालो नाही. आठवड्याभरात पंचक्रोशीत बातमी झाली की मालेगावचे मोजणी साहेब केस घेऊन राह्यले. आता आपल्याकडे बाया विंचरताना निघालेली गुंतवळ भिंतीच्या फटीत जमवून ठेवतात आणि फेरीवाला आला की त्याला देऊन भांडं घेतात, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. पण त्या फेरीवाल्याच्या जागी मी स्वतः उभा राहीन असं वाटलं नव्हतं. मेडशीहून, किन्हीराजाहून एसटीने बाया यायला लागल्या. कनवटीतून, पिशवीतून गुंतवळीचे गोळे काढून ओट्यावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "भांडे कोन्ते हायेत?"

ज्योत्स्ना एकेकीला बसवून सांगायची की हे तसं नाही, आजारी लेकरांसाठी लांब, सरळ कापलेले केस लागतात. त्या ऐकायच्या, हळहळायच्या आणि गोळे तिथेच ठेवून जायच्या. परत नेणं बरं दिसत नाही म्हणून. आमच्या मागच्या खोलीत पोतं भरलं. खिडकी उघडी राहिली की खोलीभर काळे ढग तरंगायचे.

शेवटी खरा केसवाला आला. सायकलवर स्टीलची भांडी आणि फुगे. फार दुखावलेला दिसत होता.

"साहेब, तुमाले सरकारी पगार हाय. आमच्या पोटावर काहून येता?"

मी त्याला चहा दिला आणि सगळी हकिगत सांगितली. तो समोरच्या खिडकीकडे बघत होता. तिथे निळी टोपी दिसत होती. चहा संपल्यावर त्याने पोतं सायकलला बांधलं, बदल्यात ज्योत्स्नाला पुरणाची चाळणी दिली, आणि एक लाल फुगा समोरच्या खिडकीच्या गजाला बांधून गेला. "आता लांब केसवाली कोनी बाई भेटली तर तुमचा पत्ता देईन," जाताना म्हणाला. आणि खरंच त्याने दिला. तुळसाबाईची नात वैभवी गुडघ्यापर्यंतची वेणी घेऊन आजीसोबत आली, ती अशीच. लग्न जमेपर्यंत थांब, असं तिचे वडील म्हणत होते. "ज्याले वेनी पाह्यजे त्यानं वेनीशी लगन करावं," असं म्हणून तिने ज्योत्स्नाच्या समोर ती कापून घेतली. ती जड, तेलकट, मोगऱ्याचा वास असलेली वेणी आम्ही स्वच्छ फडक्यात बांधून कपाटात ठेवली. मागून आणखी काही बायांच्या वेण्या आल्या.

उन्हाळ्यात संस्कृतीला ताप आला. असा ताप या मुलांना चालत नाही. धम्मरत्नने तिला गाडीत घातलं आणि नागपूर गाठलं. समोरची खिडकी बंद झाली. भागवत काकांनी सल्ले देणं थांबवलं, यावरून गल्लीची स्थिती समजून घ्यावी.

मी कामावर जात होतो. नांगरलेल्या काळ्या रानांवर झळा थरथरायच्या, लांबची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसायची. त्या झळांमध्ये मला कधी कधी निळी टोपी दिसल्याचा भास व्हायचा. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी कंगवा हळू फिरवत होतो. तुटलेले केस मी फेकत नव्हतो, रुमालात ठेवत होतो. नवस नाही असं ज्याने सगळ्यांना तावातावाने सांगितलं, तो हाच माणूस. ज्योत्स्नाने रुमाल पाहिला. त्या दिवसापासून माझे केस ती स्वतः विंचरून द्यायला लागली, माझ्यापेक्षाही हळू.

शेवटी धम्मरत्नचा फोन आला. "भाऊ, ताप उतरला. जेवली आज. विचारून राह्यली, काकाचे किती झाले."

ती परतली तेव्हा पावसाळा लागला होता. टोपी काढून तिने मला डोकं दाखवलं. त्यावर बारीक, मऊ लव होती, कोंबडीच्या पिल्लासारखी. औषधं आता सौम्य झाली होती आणि केस परत येत होते. तिथून पुढे पट्टी दोघांना लागू लागली. आधी माझी मान, मग तिची. "माह्ये तुमच्यापेक्षा पटकन वाढून राह्यले," ती म्हणायची, आणि खरंच तसं वाटत होतं. माझे केस दीड वीत झाले तोवर तिच्या कानांवर कुरळ्या बटा आल्या होत्या. ती शाळेत जात होती. टोपी कुठेतरी हरवली होती, आणि ती कोणी शोधलीही नाही.

मला आनंद झाला होता. पण खरं सांगायचं तर मनही थोडं दुखावलं होतं. अढीत जपून पिकवलेले आंबे पाहुण्यांनी जेवण झाल्यावर नको म्हणावेत, तसं काहीसं.

"आता हे कोणाला?" मी तिला विचारलं.

तिला प्रश्नच वेडगळ वाटला. "वार्डात एक पोरगी हाय, गंगू नावाची. तिचे आत्ताच गेले. अन् तिच्या बाजूच्या पलंगावरच्या पोराचे बी. तुमी त्या मुंबईच्या बाईले फोन करा, लवकर न्या म्हना."

म्हणून मी पुंजाजीकडे गेलो. त्याने दुकानात दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. डाय लागलेली टोकं आधी उडवली, मग केसांच्या बारीक बारीक शेपट्या बांधल्या आणि एकेक कापून कागदावर ओळीने ठेवली. कात्रीचा आवाज कानाशी येत होता आणि माझे डोळे मिटत होते. उघडले तेव्हा आरशात जो इसम होता त्याला मी ओळखत नव्हतो. कापल्यावर उरलेलं रान इतकं उंचसखल होतं की पुंजाजीला मशीन फिरवून सगळंच सपाट करावं लागलं.

पोस्टात बाई म्हणाल्या, "आत काय हाय?"

"केस."

"कोनाचे?"

"माझे. आणि वैभवीचे. आणखी काही बायांचे."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि खुर्ची किंचित मागे सरकवली. "नाशवंत हाय का?"

"आता नाही," मी म्हणालो. शिक्का बसला. खिडकीच्या त्या बाजूला पार्सल ढिगात पडलं आणि क्षणभर मला पोरकं वाटलं.

घरी मी मागच्या गल्लीने आलो, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. डोक्याला वारा लागत होता, आणि ज्या वाऱ्यावर मी एवढी स्वप्नं पाहिली होती तो असा बोचरा असेल याची मला कल्पना नव्हती. ओट्यावर न बसता आतल्या खोलीत जाऊन बसलो. संध्याकाळी बाहेर जायचं नाही, उद्याही नाही, रजा टाकावी, असं ठरवत होतो, तेवढ्यात संस्कृती आली. तिने मला विचारलं नाही. दुपट्टा उचलला आणि बाजूला ठेवला.

तिने माझ्या डोक्यावरून तळहात फिरवला, मागून पुढे, कपाळापर्यंत.

"पयल्या दिवशी थंडी वाजते," ती म्हणाली. "मंग सवय होते. टोपी घालू नका, खाजते. आरशात लय पाहू नका."

"बरं."

"चला आता, चौकालोक जाऊन येऊ."

"आज राहू दे."

"आजच जा लागते."

तिने माझा हात धरला. आम्ही गल्लीतून निघालो. ऊन उतरलं होतं, भिंती केशरी झाल्या होत्या, मोटरसायकली शेतातून घराकडे परतत होत्या. ओट्यावर भागवत काकांनी पेपर खाली केला. पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली. माझी पावलं मंदावली तसा तिचा हात थोडा घट्ट झाला. पानठेल्यावरचा एकजण पुढे आला आणि काळजीने म्हणाला, "साहेब, हे काय झालं?"

मी काही बोलायच्या आत संस्कृती म्हणाली, "काही नाही. येतीन परत."

आणि आम्ही तसेच सावकाश पुढे चालत राहिलो.